रेंज आहे तोवर सोर्स

(दृश्य: देवगड तालुक्यातल्या शाळेचा संगणक कक्ष. पागोळ्या गळताहेत.)

आषाढात इथे वीज आणि रेंज, दोन्हींचा भरवसा नसतो. त्यामुळे डेबियन या लिनक्स प्रणालीवर सोर्स पॅकेज, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ कोडचा गठ्ठा, आणताना नेट लागणारी कामं आधी उरकायची. बांधणी, म्हणजे कोडवरून चालता प्रोग्राम बनवणं, मागाहून, फुरसतीनं.

समजा, बदल फाईल्सची यादी दाखवणाऱ्या 'एलएस' या आज्ञेत करायचाय. त्या नावाचं पॅकेजच नाही. फाईल कुठल्या पॅकेजची, ते पॅकेजांची नोंद ठेवणारा 'डीपीकेजी' सांगतो, 'डॅश, कॅपिटल एस' लावून. पण डेबियन 12 वर, आज्ञा कुठे आहे ते दाखवणाऱ्या 'विच'नं दिलेला 'यूएसआर-बिन'चा पत्ता जसाच्या तसा टाकलात, तर तो हात वर करतो. त्याच्या दप्तरी नोंद जुन्या 'बिन'खाली आहे. 'यूएसआर' गाळा, नाव मिळेल: कोरयूटिल्स.

(दृश्य: पडद्यावर लाल ओळ.)

आता या पॅकेजचा सोर्स उतरवायला 'ॲप्ट सोर्स'. तो इथे अडला, तर बहुधा सोर्स कुठून आणायचा ते सांगणारी 'डेब-एसआरसी'ची ओळ बंद असते. जुन्या सोर्सेस-लिस्टमध्ये ती वेगळी लिहायची. नव्या डॉट-सोर्सेस फाईलमध्ये 'टाइप्स'पुढे 'डेब'शेजारी 'डेब-एसआरसी' लिहायचं. मग 'ॲप्ट अपडेट'. हे हमखास विसरतं.

आता मुख्य अशा तीन फाईल्स उतरतात. 'ओरिग' म्हणजे मूळ लेखकांचा कोड. 'डेबियन' म्हणजे डेबियनवाल्यांचे पॅचेस, म्हणजे कोडमधले बदल, आणि बांधणीचे नियम. 'डीएससी'त फाईल्स शाबूत आहेत का ते पडताळणारे आकडे (चेकसम) आणि सही. 'डीपीकेजी-डेव्ह' हे पॅकेज नसेल तर त्या उतरतील, उलगडणार नाहीत. प्रशासकाचे अधिकार देणारा सुडो इथे लावू नका, नाहीतर फोल्डर रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या, मालकीचं होऊन बसतं.

सुडो लागतो तो बांधणीला लागणारी पॅकेजं आणणाऱ्या पुढच्या 'ॲप्ट बिल्ड-डेप'ला. खरा डेटा बहुतेक वेळा इथेच जातो: कंपायलर, हेडर, लायब्ररी. हे झालं की रेंज गेली तरी चालेल.

(दृश्य: दिवे जातात. लॅपटॉप बॅटरीवर.)

बदल केल्यावर बांधणी करणाऱ्या 'डीपीकेजी-बिल्डपॅकेज'ला 'डॅश बी' द्या, म्हणजे नुसती बायनरी, म्हणजे बसवता येणारं पॅकेज, बनेल. सोर्ससकट बांधायला गेलात तर पॅचमध्ये न नोंदवलेला बदल पाहून तो थांबतो. सही नको म्हणून 'डॅश यूएस' आणि 'डॅश यूसी'.

मध्येच मशीन बंद पडलं तर 'डॅश एनसी' जोडून परत चालवा. आधीचं काम पुसलं जात नाही. त्याआधी शून्य बाइटच्या 'डॉट ओ' फाईल्स, म्हणजे कंपाइल झालेले अर्धवट तुकडे, शोधून उडवा. काय बांधायचं राहिलं ते ठरवणाऱ्या 'मेक'ला त्या झालेल्याच वाटतात, आणि चूक फुटते ती थेट लिंकिंगला, म्हणजे तुकडे जोडताना.