सरपणातलं पाणी

(नौपाड्यात मे महिन्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. या टेबलावर लाकडाच्या चार ढलप्या ठेवल्यात. चारही आमच्या सोसायटीच्या कुंपणालगतच्या एकाच पर्जन्यवृक्षाच्या आहेत. या दोन गेल्या नोव्हेंबरात उतरवलेल्या फांदीच्या आणि या दोन परवाच्या शनिवारी तोडलेल्या फांदीच्या. आधी जुन्या दोन एकमेकींवर आपटतो. ऐकलंत? खणखणीत आवाज आला. आता नव्या दोन. हा आवाज बद्द, ओल्या मडक्यावर टिचकी मारल्यासारखा. झाड तेच, हात तोच, जोरही तेवढाच. वेगळं आहे ते आतलं पाणी, आणि मी आज जे काही बोलणार आहे ते या पाण्याबद्दलच आहे.

माझ्या आजोबांची इथे ठाण्यातच लाकडाची वखार होती. शहापूर-मुरबाडकडून माल यायचा. चाळीतल्या चुली, वाड्यांमधले तांब्याचे बंब, लग्नाघरचे चर, सगळ्यांना तिथून लाकूड जायचं. गिऱ्हाईक हमखास विचारायचं, ‘चांगलं लाकूड कुठलं?’ आजोबा त्याला झाडाचं नाव सांगत नसत. ते म्हणत, ‘आधी ते कधी तोडलंय ते विचारा.’ लहानपणी मला वाटायचं, हे उत्तर टाळतायत. पुढे वजनकाट्यावर बसायला लागलो तेव्हा कळलं की तेच खरं उत्तर होतं.

हिशेब करून बघू. ताज्या तोडलेल्या लाकडाचं निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं असू शकतं. म्हणजे 40 किलो ओलं लाकूड घेतलंत तर त्यातलं 20 किलो पाणी. एक किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला 600 किलोकॅलरींहून थोडी जास्त उष्णता लागते. 20 किलोंचे झाले 12 हजारांवर. आता आंघोळीची 20 लिटरची बादली साध्या पाण्यापासून कढत व्हायला, म्हणजे 25 अंशांवरून 45 वर जायला, 400 किलोकॅलरी पुरतात. बंबात वाया जाणारी उष्णता हिशेबात धरली नाही, तर नुसतं लाकडातलं पाणी हाकलण्यात आपण 30 बादल्या गरम पाणी उडवून देतो. शिवाय जाळ थंड राहतो, लाकडातून निघालेला वायू पुरता पेटत नाही आणि धूर होऊन आईच्या डोळ्यांत जातो. धुरकट चुलीपुढे बसलेली बाई आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिली आहे. तिच्या डोळ्यांतल्या पाण्याचा बराचसा भाग सरपणातल्या पाण्याने आणलेला असतो. हे मी फार गांभीर्याने सांगतोय.

मग झाडाच्या जातीला काहीच अर्थ नाही का? आहे, पण तो वेगळ्या जागी. पूर्ण कोरडं एक किलो लाकूड कुठल्याही झाडाचं घ्या, साडेचार हजार किलोकॅलरींच्या आसपासच उष्णता देईल. किलोला किलो बाभूळ आणि काटेसावर जवळपास सारखीच. फरक आहे तो आकारमानात. धावडा, खैर, ऐन, बाभूळ ही घट्ट लाकडं. वीतभर तुकडा हातात घेतला तरी जड लागतो, निखारा बराच वेळ टिकतो. सावर, पांगारा, शेवगा हलके. भसकन पेटतात आणि राख होऊन जातात. म्हणून माझा सल्ला असा: टेम्पोच्या हिशेबाने घेत असाल तर जात बघा, वजनाने घेत असाल तर कोरडेपणा बघा. वजनाने ओलं लाकूड घेणारा माणूस लाकडाच्या भावाने पाणी घरी आणतो.

ठाण्यात घर तापवायला लाकूड लागत नाही हे खरं. काश्मीरमध्ये बुखारी असते, हिमाचलात पत्र्याचा तंदूर असतो. तिथे हिवाळ्याचं लाकूड आदल्या वर्षापासून रचून ठेवलेलं दिसतं. आपल्याकडे बंब आहे, शेतघरावरची चूल आहे, मुरबाडच्या थंडीत अंगणात पेटवलेली शेकोटी आहे. लाकूड सुकायचं शास्त्र दोन्हीकडे एकच, फक्त आपला शत्रू बर्फ नसून पावसाळ्याची हवा आहे. लाकूड हवेशी सतत ओलाव्याची देवघेव करतं. हवेत 50 टक्के आर्द्रता असेल तर ते कोरड्या वजनाच्या 9 टक्के पाण्यावर येऊन थांबतं. 90 टक्के असेल तर 20 टक्क्यांच्या आसपास. जुलैत आपल्याकडे सकाळी हवा कशी असते ते तुम्ही जाणता. म्हणजे छपराखाली, एक थेंबही न लागता, लाकूड पुन्हा ओलावा ओढून घेतं. आगोटीच्या वेळी आपल्या आज्या सरपण आत का घेत, आणि त्यातलं चार दिवसांचं चुलीवरच्या माळ्यावर का ठेवत, ते यात आलं. म्हणून तोडणीचा काळ दिवाळीनंतरचा. नोव्हेंबर ते मे या महिन्यांत मनगटाएवढी फोडलेली फाटी सहज वाळतात. बाभळीसारख्या घट्ट लाकडाला मात्र आणखी एक उन्हाळा दिला तर उत्तम.

आपल्या सोसायट्यांमध्ये छाटणी होते नेमकी मेअखेरीस, आणि फांद्या पाऊसभर फाटकाशी कुजतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. तीच छाटणी रीतसर परवानगी घेऊन नोव्हेंबरात केली तर तेच लाकूड कुणाच्या तरी चुलीला लागेल. परवानगीचं मुद्दाम बोललो, कारण शहरातली झाडं 1975 च्या कायद्याखाली येतात आणि वृक्ष प्राधिकरणाची मंजुरी लागते.

आता तोडणं आणि फोडणं. झाडात पाणी वर जातं ते उभ्या नळ्यांमधून. त्यामुळे लाकूड सुकताना पाणीही मुख्यतः कापलेल्या टोकांतून बाहेर पडतं; बाजूने ते फार हळू जातं आणि साल तर ते अडवूनच धरते. सालीसकट आख्खा ओंडका वर्षभर पडून राहिला तरी आत ओला निघतो तो यामुळे. तेव्हा आधी करवतीने आखूड करा, चुलीसाठी हातभर, बंबासाठी वीतभर, आणि लगेच फोडा. बाभूळ आणि सुरू ओली असतानाच फुटतात. वाळली की कुऱ्हाड उडवून लावतात. चिंचेच्या वाटेला मात्र जाऊ नका. तिचे धागे एकमेकांत असे गुंतलेले असतात की खाटीक आपला ठोकळा चिंचेचाच करतात. घाव घालून ज्याचं काही बिघडत नाही ते लाकूड तुमच्याने काय फुटणार!

वखारीत फोडायला येणारे एक काका होते. मी दहाबारा वर्षांचा, हातात कुऱ्हाड मिळाल्याच्या आनंदात ओंडक्याच्या मधोमध घाव घालत होतो. त्यांनी मला थांबवलं आणि ओंडका फिरवून दाखवला. ‘बाळा, याची चीर बघ आधी. त्यानं वाट काढून दिलीय.’ ती चीर का पडते ते पुढे समजलं. लाकूड सुकताना वर्तुळाच्या दिशेने जितकं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडे आकसतं. त्या ओढाताणीत गाभ्यापासून सालीकडे तडे जातात. घाव त्या तड्यावर घालायचा. मोठा ओंडका असेल तर मधोमध जाऊ नका, कडेकडेने ढलपे काढत आत या. गाठ असलेली बाजू खाली ठेवा, स्वच्छ बाजूवर मारा. खालचा ठोकळा गुडघ्यापेक्षा उंच नको. नेम चुकला तर पातं ठोकळ्यात जावं, नडगीत नको.

तोडायची कुऱ्हाड पातळ आणि फोडायची जाड, पाचरीसारखी. पातळ पातं रुतून बसतं. रुतलं तर लोखंडी पाचर घ्या आणि तिच्यावर घण मारा. कुऱ्हाडीच्या पाठीवर घण कधीही मारू नका. तिचा डोळा, म्हणजे दांडा बसवायचं भोक, फुटतो आणि कपची उडते. दांडा धामणीचा मिळाला तर सोडू नका, ते लाकूड वाकतं पण पटकन मोडत नाही. दांडा ढिला झाला की बरेचजण कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवतात. तेवढ्यापुरतं लाकूड फुगतं, दोन दिवसांनी आकसून आधीपेक्षा जास्त ढिलं होतं. माथ्यावर पाचर ठोका, तोच उपाय.

रचताना खाली दोन विटा, वर उघडी हवा, फक्त माथ्यावर पत्रा. निळी ताडपत्री चारी बाजूंनी गुंडाळणं म्हणजे लाकूड वाफेत शिजवणं. रास भिंतीला चिकटवू नका आणि उचलण्यापूर्वी काठीने ठोका. फुरसं आणि विंचू दोघांनाही ती जागा आवडते.

काय जाळू नये हे जास्त महत्त्वाचं. घरात फर्निचरचं काम झालं की प्लायवूडचे तुकडे फुकट मिळतात आणि ते बंबात जातात. त्यात फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो, वर सनमायका. तो धूर घरात घेऊ नका. कण्हेर आणि बिब्बा ही लाकडंही नकोत. बिब्ब्याचा धूर अंगावर उततो. खाडीतला गेवाही नको, त्याचा चीक डोळ्यांत गेला तर नजर जाऊ शकते. तसंही कांदळवनाला हात लावायचाच नाही. उच्च न्यायालयाने ते तोडण्यावर बंदी घातली आहे, आणि आपली खाडी 2022 पासून रामसर स्थळ आहे. येऊरचं जंगलही राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथलं वाळलेलं लाकूड तिथेच राहू द्या.

शेवटचं, आणि हे लक्ष देऊन ऐका. बंद न्हाणीघरात पेटता बंब आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका, आंघोळही करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, धूरही दिसत नाही. गुंगी येते आणि माणूस उठत नाही. निखारा लालभडक, धूर शून्य, म्हणजे धोका टळला असं अजिबात नाही. बंब बाहेर पेटवा, पाणी आत न्या.

बोलणं पुरे. खाली अंगणात दोन ओंडके, एक पाचर आणि दोन कुऱ्हाडी ठेवल्यात. ज्यांना हात चालवून बघायचाय त्यांनी या. चपला घालून आलेल्यांनी दहा पावलं लांब उभं राहा, बूटवाल्यांनी पुढे या, आणि कुऱ्हाड उचलणाऱ्याच्या मागे कुणीही थांबू नका.