झोपायच्या खोलीत ठेवता येईल असा सर्व्हर

नमस्कार मंडळी.

आपल्याकडच्या बहुतेक घरांत सर्व्हरसाठी वेगळी खोली नसते. राउटर हॉलमध्ये असतो. रात्री त्याच हॉलमध्ये कुणीतरी गादी घालून झोपतं आणि पहाटे तिथेच कुणीतरी अभ्यासाला बसतं. घरातले फोटो, कागदपत्रं, आजोबांच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेलं भजन, हे सगळं ज्या मशीनवर ठेवायचं ते मशीनही तिथेच राहणार. ते आवाज करत असेल तर काय होतं, हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे. झोपताना कुणीतरी त्याचं बटण बंद करतं, सकाळी ते सुरू करायचं राहून जातं. मग एखाद्या दिवशी फोन हरवतो आणि लक्षात येतं की शेवटचा बॅकअप गणपतीतला आहे. म्हणून सर्व्हरच्या शांततेला मी चैन मानत नाही. बॅकअप व्हायचा तर मशीन चोवीस तास सुरू हवं, आणि ते तसं सुरू राहायचं तर घरातल्यांना त्याचा त्रास होता कामा नये.

आवाज येतो कुठून ते आधी बघू. साधी ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. चालू कॅबिनेटवर तळवा ठेवलात तर ती थरथर हाताला लागते. पत्र्याचं कॅबिनेट आणि त्याखालचं लाकडी फडताळ ती थरथर मोठी करतात, आणि खोलीभर एक खालच्या पट्टीतली घुमी गुणगुण पसरते. शिवाय डिस्कचं हेड इकडून तिकडे धावतं त्याची कटकट. रबरी वॉशर लावले तर गुणगुण कमी होते, कटकट बरीचशी तशीच राहते. एसएसडी, म्हणजे डिस्कऐवजी चिपवर माहिती साठवणारी ड्राइव्ह, हिच्यात हलणारा भागच नाही. त्यातली नँड फ्लॅश मेमरी तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८७ साली जगापुढे मांडली. माहिती साठवायची ती विद्युतभाराच्या रूपात, चिपमधल्या सूक्ष्म कप्प्यांत.

माझ्या मते खरा फायदा मात्र उष्णतेचा आहे. मोठी हार्ड डिस्क काहीही काम नसताना, नुसती फिरत राहायलाच साधारण पाचेक वॅट घेते. सॅटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्याच नेहमीच्या जोडणीवर चालणारी, काम नसताना एक वॅटसुद्धा घेत नाही. चार डिस्कच्या जागी चार एसएसडी आल्या की कॅबिनेटमधली उष्णता इतकी घटते की पंख्याचीही गरज उरत नाही. डिस्क गेली म्हणून पंखा गेला, असा हा दुहेरी हिशेब आहे. वीजबिलाचंही तेच. चाळीस वॅटचं मशीन महिन्याला सुमारे २९ युनिट खातं, दहा वॅटचं सव्वासात. ज्यांचं बिल शंभर युनिटांच्या स्लॅबच्या काठावर असतं त्यांना हा फरक लगेच जाणवेल.

आता प्रत्यक्ष जुळणी. इंटेलचा एन१०० हा चार कोअरचा, सहा वॅटचा प्रोसेसर घरच्या साठ्याला भरपूर होतो. तो बसवलेला एएसरॉकचा एन१००डीसी-आयटीएक्स हा बोर्ड मला आवडतो. त्यावर पंखा नाही, नुसता हीटसिंक आहे. वीज लॅपटॉपसारख्या १९ व्होल्टच्या अडॅप्टरवरून येते, त्यामुळे कॅबिनेटमधला मोठा पॉवर सप्लाय आणि त्याचा पंखाही गेला. सॅटा पोर्ट दोनच आहेत, पण दोन एसएसडींचा आरसा, म्हणजे दोन्हींवर तीच माहिती एकाच वेळी लिहिणं, करायला तेवढे पुरतात. पुढे वाढवायचं असेल तर एएसएम११६६ चिपचं सहा पोर्टांचं कार्ड लावता येतं. सिस्टिमसाठी बोर्डावरच्या खाचेत बसणारी छोटी एम.टू एसएसडी वेगळी ठेवा.

साठ्यासाठी एनव्हीएमई, म्हणजे सॅटाहून वेगवान एसएसडी, का नाही, असं मला नेहमी विचारतात. या बोर्डाचं नेटवर्क गिगाबिटचं आहे, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास. सॅटा एसएसडी ५५० एमबीने वाचते. त्याहून वेगवान ड्राइव्हचा वेग तारेतून बाहेरच पडणार नाही, आणि पंखा नसलेल्या डब्यात ती जास्त तापेल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सगळे पंखे गेले की खोली इतकी शांत होते की अडॅप्टरची किंवा बोर्डावरच्या कॉइलची बारीक शिट्टी ऐकू यायला लागते. आधी ती पंख्याच्या आवाजाखाली दबलेली असते. अडॅप्टर घेताना दुकानात ती कळत नाही. घरी आणून रात्री दहानंतर, टीव्ही बंद करून ऐका, आणि शिट्टी येत असेल तर लगेच बदलून घ्या.

आता सगळ्यांच्या मनातली भीती: एसएसडी लिहून लिहून झिजते ना? झिजते. कप्प्यात भार घालताना आणि काढताना त्याचा पातळ विद्युतरोधक थर दर खेपेला थोडा खराब होतो. एका कप्प्यात जितके जास्त बिट कोंबू, तितक्या भाराच्या पातळ्या बारीक होतात. टीएलसी प्रकारच्या एसएसडीत तीन बिट आणि आठ पातळ्या, क्यूएलसी प्रकारात चार बिट आणि सोळा पातळ्या. पण आकडे मांडून बघा. सॅमसंगच्या एक टीबीच्या ८७० इव्होला कंपनी ६०० टीबी लेखनाची हमी देते. घरातले चार फोन, दोन लॅपटॉप मिळून रोज वीस जीबी लिहितात असं धरू, जे सुट्टीच्या दिवशीसुद्धा जास्तच आहे. वर्षाला ७.३ टीबी झाले. ६०० टीबी संपायला ऐंशीहून अधिक वर्षं लागतील.

बरं, सीसीटीव्ही जोडला तर? चार कॅमेरे, प्रत्येकी चार मेगाबिट, म्हणजे सेकंदाला दोन एमबी, दिवसाला १७३ जीबी, वर्षाला ६३ टीबी. तरीही हमी नऊ वर्षांहून जास्त पुरते. मी कॅमेऱ्यांना वेगळी ड्राइव्ह देतो, पण त्यामागे झिजेची काळजी नाही. कॅमेऱ्यांनी फोटोंची जागा खाऊ नये एवढंच.

क्यूएलसीला सरसकट नावं ठेवणंही मला पटत नाही. सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओचा आतला वेगवान साठा भरला की एक टीबीची ड्राइव्ह सेकंदाला ८० एमबीवर घसरते. ते गिगाबिटपेक्षा कमी, म्हणून ती घेऊ नका. पण चार टीबीची १६० वर थांबते, म्हणजे आपल्या तारेपेक्षा वेगवानच. मोठी कॉपी करतानाही फरक जाणवणार नाही. बजेट कमी असेल आणि जागा जास्त हवी असेल तर चार टीबीची क्यूएलसी बिनदिक्कत घ्या. फक्त खरी घ्या. लॅमिंग्टन रोड असो की तपकीर गल्ली, बिलाशिवाय आणि वॉरंटीशिवाय घेऊ नका, आणि आणल्यावर एफथ्रीसारख्या साधनाने ती पूर्ण भरून, परत वाचून तपासा. वर दोन टीबीचं स्टिकर आणि आत जेमतेम चिप, असा माल बाजारात फिरतो.

तर झिजेची भीती सोडा. भीती बाळगायची ती वेगळ्याच मरणाची. हार्ड डिस्क जाताना बहुतेक वेळा कुरकुरते, टकटक करते, फाइल उघडायला वेळ लावते, आणि माणूस सावध होतो. एसएसडी अनेकदा काहीच सांगत नाही. काल चालत होती, आज मशीनला दिसतच नाही. कंट्रोलर, म्हणजे तिला चालवणारी चिप, गेला किंवा त्यातला प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, अडकलं की कप्प्यांत माहिती असूनही आपल्या हाती काही लागत नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण २०१९ मधलं आहे. एचपीई कंपनीने जाहीर केलं की त्यांच्या काही सर्व्हर एसएसडी फर्मवेअरमधल्या दोषामुळे ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील, आतली माहितीही जाईल, म्हणून फर्मवेअर बदला. हे तीन वर्षं २७० दिवस आठ तास होतात. आता विचार करा: आरशाच्या दोन्ही एसएसडी एकाच दिवशी बसवल्या असतील तर दोघींचे तास एकाच वेळी भरणार. एक गेली तर दुसरी आहे, हा सगळा आधार त्याच क्षणी संपला. त्यामुळे माझा आग्रह असा, की आरशातल्या दोन ड्राइव्ह दोन वेगळ्या कंपन्यांच्या हव्यात. दुकानदार म्हणतो, जोडी घ्या, सारखी असलेली बरी. घरच्या साठ्यात सारखेपणाचा काही उपयोग नाही.

दुसरं उदाहरण २०१४ चं. सॅमसंगच्या ८४० इव्होमध्ये जुन्या, बरेच महिने न हललेल्या फाइल वाचायला भयंकर वेळ लागू लागला. कप्प्यातला भार हळूहळू सरकत होता. पुढे फर्मवेअर बदलून जुनी माहिती अधूनमधून नव्याने लिहायची सोय केली गेली. आपल्या साठ्यात न हलणाऱ्या फाइलच जास्त. लग्नाचे फोटो दहा वर्षं कुणी उघडत नाही. म्हणून मी ड्राइव्हवर फाइल मांडायची झेडएफएस ही प्रणाली वापरतो. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अ‍ॅरेन्स यांनी २००१ मध्ये त्याचं काम सुरू केलं. माहितीच्या प्रत्येक तुकड्याची खूणबेरीज, म्हणजे त्यातून काढलेला पडताळणीचा आकडा, ते वेगळी जपून ठेवतं. महिन्यातून एकदा स्क्रब, म्हणजे त्याची तपासणी, चालवला की सगळी माहिती वाचून ताडली जाते, आणि एका ड्राइव्हवरचा तुकडा बिघडलेला निघाला तर दुसरीवरून दुरुस्त होतो. घरच्या साठ्यासाठीच्या ट्रूनॅस या सिस्टिममध्ये हे सगळं माउसने लावता येतं. डेबियन या लिनक्सची सवय असेल त्यांनी तेच घ्यावं.

आणि शांत मशीनला बोलतं करावंच लागतं. ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीचे जे आकडे ठेवते (त्यांना स्मार्ट म्हणतात) ते रोज तपासून बिघाड दिसल्यावर मेल यावा, हे तर आहेच. पण माझा भर आहे तो आठवड्याच्या ‘सगळं ठीक’ मेलवर. बिघाडाचा मेल पाठवायलाही मशीन जिवंत लागतं. दर रविवारी येणारा मेल एखाद्या रविवारी आला नाही, की उठून बघायचं.

आरसा म्हणजे बॅकअप नव्हे, हे तुम्ही ऐकलं असेल. चुकून पुसलेला फोल्डर आरशातूनही पुसला जातो. स्नॅपशॉटने, म्हणजे झेडएफएसने जपलेल्या आधीच्या स्थितीवरून, तो परत आणता येतो, पण घरात पाणी शिरलं किंवा चोरी झाली तर स्नॅपशॉटही गेले. तिसरी प्रत दुसऱ्या घरी हवी, आणि ती मी मुद्दाम साध्या हार्ड डिस्कवर ठेवतो. वीज नसलेल्या एसएसडीतला भार हळूहळू गळतो. घरगुती एसएसडीसाठी जेडेक या चिप उद्योगाच्या मानक संस्थेची अपेक्षा अशी आहे, की हमीइतकं लेखन होऊन गेल्यावरही ३० अंशांत वर्षभर माहिती टिकावी. नवी ड्राइव्ह त्याहून जास्त टिकेल, पण विदर्भातल्या उन्हाळ्यात माळ्यावर ३० अंश कुठून आणायचे? कपाटात बंद राहणारी प्रत हार्ड डिस्कवर, महिन्यातून एकदा जोडून ताजी करायची. तिच्या आवाजाने कुणाची झोप मोडत नाही.

विजेबद्दल थोडक्यात. डेटा सेंटरच्या एसएसडीत वीज गेल्यावर हातातलं लेखन पूर्ण करायला कपॅसिटर असतात, घरगुतीत बहुधा नसतात. लहान यूपीएस लावा आणि त्याची यूएसबी तार सर्व्हरला जोडा, म्हणजे बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतःच नीट बंद होईल.

एका ताईंनी विचारलं आहे, मुलगा जर्मनीत असतो, त्याला इथले फोटो दिसतील का. दिसतील. आपल्याकडच्या अनेक ब्रॉडबँड जोडण्यांत घराला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही, अनेक ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात, म्हणून राउटरमध्ये पोर्ट उघडूनही काम होत नाही. आणि मिळत असला तरी पोर्ट उघडू नका. दोन ठिकाणची मशीन खासगी वाटेने जोडणारं टेलस्केल घ्या. ते वायरगार्ड या सांकेतिक जोडणीच्या पद्धतीवर चालतं आणि दोन्हीकडे एकेकदा लॉगिन केलं की झालं. तुमच्या प्लॅनचा अपलोडचा वेग मात्र तपासा. जाहिरातीत बहुधा डाउनलोडचाच सांगतात.

मागून प्रश्न आला, जुना लॅपटॉप चालेल का. उत्तम चालेल, सुरुवात त्यानेच करा. आतली हार्ड डिस्क काढून सॅटा एसएसडी लावा, पंख्यातली धूळ साफ करून घ्या. त्याची बॅटरी यूपीएसचं काम करते. फक्त ती कायम शंभर टक्क्यांवर राहिली तर लवकर खराब होते, फुगू शकते. चार्जिंग ६० ते ८० टक्क्यांवर थांबवायची सोय बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, असेल तर ती लावा, नसेल तर बॅटरी काढून बाहेरून यूपीएस द्या. आणि टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला, तर मशीन लगेच बंद करून दुरुस्तीवाल्याकडे न्या. फुगलेली बॅटरी घरी उचकटू नका.