पदकं खिशात, डफ हातात

[पन्हाळा, जुलै. धुकं. पत्र्याच्या शेडखाली पेटलेला कडबा.]

पावसाळ्यात पन्हाळ्यावर पोवाडा गायचा, तर दोन डफ लागतात. एक हातात, दुसरा आगीवर. डफाचं कातडं शेळीचं. ते हवेतला ओलावा पितं, सैल पडतं आणि खणखणीत थापेची भदभद होते. म्हणून शेकायचं. त्यासाठी जाळ कडब्याचा किंवा रद्दीचा. निखाऱ्याची धग एकाच जागी लागते. डफ वीतभर वर धरून फिरवत राहायचा, मधूनमधून टिचकी मारून ऐकायचं. घाई झाली, की कातडं कड्यालगत फाटतं, आणि फाटलेल्या डफाला ठिगळ चालत नाही. हल्ली फायबरच्या पानाचे डफ मिळतात. ते पावसाला दाद देत नाहीत, पण त्यांना घुमाराही नाही.

[डफ फिरवणारे हात, जवळून.]

असा डफ शेकणारे काही हात आधी रायफल धरून आलेले असतात. कोल्हापूर जिल्ह्यात याचं कुणाला नवल नाही. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी, करवीरमध्ये सैनिक गिरगाव. फौज इथं गावाच्या नावातच आहे. टेंबलाई टेकडीवर मराठा लाइट इन्फंट्रीची १०९ टीए (प्रादेशिक सेना) बटालियन, आणि रेजिमेंटचं केंद्र खाली बेळगावात. २०२२ आधी शिपाई म्हणून भरती झालेला पोरगा पेन्शनीत येतो तेव्हा जेमतेम पस्तीस-सदतीस वर्षांचा असतो. बहुतेक जण बँकेच्या नाहीतर साखर कारखान्याच्या गेटवर उभे राहतात. थोडे शाहिरी फडाकडं वळतात. पद कुठलंही असो, गाव त्यांना ‘मेजर’च म्हणतं.

गाण्याची सवय पलटणीतच लागलेली असते. तिथं मंदिर परेड असते, पंडितजी असतात, ढोलकी-पेटीवर भजन होतं. बडाखान्याला, म्हणजे पलटणीच्या सामूहिक जेवणाला, ज्याला जे येतं ते त्यानं करायचं. कुणी नकला करतो, कुणी पोवाड्याचा एखादा चौक, म्हणजे एक भाग, म्हणतो. शाहीर पिराजीराव सरनाईक, शाहीर लहरी हैदर यांच्या जिल्ह्यातल्या पोराला निदान ‘जी जी रं जी’ तरी येतंच.

पण फौज जितकं देते तितकंच बिघडवूनही ठेवते.

[तालीम. डफ, तुणतुणं, मंजिरी.]

पहिली अडचण लयीची. तेज चालीत मिनिटाला १२० पावलं, ना एक कमी ना एक जास्त. ही लय अंगात इतकी मुरते, की माजी सैनिकाचा पोवाडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत परेडसारखा चालतो. पोवाडा मात्र चढत जायला हवा. सुरुवातीचं नमन, म्हणजे गण, संथ, प्रसंगाची मांडणी त्याहून थोडी पुढं, आणि लढाईच्या चौकाला लय अशी वाढलेली असावी, की झीलकऱ्याला, म्हणजे मागून सूर ओढणाऱ्या साथीदाराला, श्वास पुरू नये. जुने डफवाले यावर एक उपाय करतात: तालमीत पाय हलवायला बंदी. उभ्यानं नाही, मांडी घालून गायचं.

गळ्याचं दुखणं थोडक्यात सांगता येतं. ‘सावधान’चा हुकूम पोटातून येतो, तो फायदा. पण हुकमाचं शेवटचं अक्षर तोडायचं असतं, आणि पोवाड्यातलं शेवटचं अक्षर उघडं सोडायचं असतं, म्हणजे झीलकरी ते उचलतात. तोडलं, की मागची मंडळी तोंडाकडं बघत राहतात.

कानाची गोष्ट मात्र बरी होण्यातली नाही. उजव्या खांद्याला रायफल लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडं असतो. उजव्याला डोक्याचा आडोसा मिळतो. त्यामुळं वर्षानुवर्षांच्या फायरिंगनं डावा कान जास्त जातो, आणि जातात ते आधी बारीक, चढे आवाज. डफाची थाप ऐकू येते, मंजिरीची किणकिण विरते, तुणतुण्याची तारही अंधुक होते. आणि सूर तर तुणतुण्यावरच धरायचा असतो! त्यात पावसाळी हवेत तुणतुण्याचंही कातडं सैल पडतं, तार उतरते. चांगल्या कानाच्या शाहिराला ते लगेच कळतं. याला कळत नाही. पेटी एकीकडं, शाहीर दुसरीकडं. म्हणून अशा फडात तुणतुणंवाला शाहिराच्या उजव्या हाताला उभा करतात, आणि दर चौकानंतर खुंटी पिळायची जबाबदारी त्याचीच. प्रेक्षकांना वाटतं, ही उभं राहायची रीतच असेल.

[पावनखिंडीकडं जाणारी वाट. चिखल, पावलं.]

या माणसाचं खरं मोल कळतं ते गद्यात, दोन चौकांच्या मधल्या निवेदनात. पन्हाळा ते पावनखिंड, जुलै १६६०. सिद्दी जौहरचा वेढा, पावसाळी रात्र, शिवा काशीदचं सोंग, बाजीप्रभूंची खिंड. हे सगळेच सांगतात, आणि बहुतेक जण तलवारीपासून सुरुवात करतात. फौजेतला शाहीर वाटेपासून सुरुवात करतो. परंपरा म्हणते सहाशे मावळे. अरुंद वाटेवर एकामागं एक, दोन पावलांचं अंतर ठेवून चालले, तर रांग नऊशे मीटर होते. पुढच्यानं दिलेला इशारा शेवटच्याला ऐकू जाणार नाही, मोठ्यानं ओरडायची सोय नाही. मग निरोप खांद्याला हात लावत मागं जातो. पालखीचे भोई खांदा बदलतात तेव्हा मागची सगळी रांग थबकते, आणि पुन्हा निघाली की शेपटाला धावावं लागतं. रात्रीची कूच केलेल्याला हे ठाऊक असतं: दमतो तो शेपटाकडचा माणूस. हे ऐकताना पुढं बसलेली पोरंसुद्धा मोबाइल खाली ठेवतात.

[मंचामागं. फेटा बांधून झालेला. कोटावर पदकं.]

आयोजकांना पदकं हवी असतात. फोटोत शोभतात, पत्रिकेत ‘माजी सैनिक शाहीर’ असं छापलेलंही असतं. स्वतःची पदकं डाव्या छातीवर लावायची, हा नियम. उजवी बाजू घरच्या दुसऱ्या कुणाच्या पदकांची. आणि डफ धरायचा तोही डाव्या हातात, छातीशी. थाप पडली की पदकं कड्यावर आपटतात आणि माइकमधून ती खडखड सगळ्या मैदानाला ऐकू जाते. कोट बदलून भागत नाही, पदकं उजवीकडं नेता येत नाहीत.

त्यामुळं सत्कार आधी उरकून घेतात. नारळ, शाल, फोटो. मग शाहीर मंचामागं येतो, पदकांची पट्टी सोडतो, रुमालात गुंडाळून आतल्या खिशात ठेवतो. शेकोटीवरचा डफ उचलतो, एक टिचकी मारतो, आणि चेहरा तुणतुणंवाल्याकडं वळवतो.

“लागलंय का रं?”

“लागलंय, मेजर.”