माझ्या एका मतानं काय होतंय? चला, हिशोब करू

नमस्कार मंडळी!

मतदानाची सुट्टी लागली की लोणावळ्याला पळणारा एक मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याचं म्हणणं ठरलेलं: "सतरा लाख मतदार, त्यात माझं एक. काय उपटणार आहे ते?" आज त्याला शिव्या घालायच्या नाहीत, कारण गणितात गडी बराचसा बरोबर आहे.

4 जून 2024, गोरेगावचं नेस्को. वायव्य मुंबई लोकसभेची मतमोजणी. शिंदेंच्या शिवसेनेचे रवींद्र वायकर विरुद्ध ठाकरेंच्या शिवसेनेचे अमोल कीर्तिकर. ईव्हीएमची मतं मोजून झाली तेव्हा कीर्तिकर पुढे होते. कितीनं? एका मतानं! 4,51,095 विरुद्ध 4,51,094.

मग त्यात टपाली मतं आली. म्हणजे निवडणूक ड्युटीवरचे कर्मचारी, सैन्यातले जवान, घरून मत देणारे 85 वर्षांपुढचे आजी-आजोबा, यांची. ती वायकरांना 1,550, कीर्तिकरांना 1,501. झालं, पारडं फिरलं. वायकर 48 मतांनी खासदार.

त्याच मतदारसंघात नोटाला 15 हजारांहून जास्त मतं पडली. आणि साडेसात लाखांहून जास्त लोक मतदानाला आलेच नाहीत.

इथं बहुतेक व्हिडिओ "बघा, एकेक मत मोलाचं!" म्हणून संपतात. पण थांबा. 48 चा फरक असताना तुमचं एक मत वाढलं असतं तर? 47 किंवा 49. खासदार तोच. म्हणजे देशातल्या सगळ्यात अटीतटीच्या जागेवरसुद्धा एकट्या माणसानं निकाल फिरला नसता. हो, आणि 1999 साली वाजपेयी सरकार एका मतानं पडलं, 269 विरुद्ध 270, हे उदाहरण कृपया देऊ नका. ते मत खासदाराचं होतं, आपलं नव्हे.

एका मताचं वजन बघायचं तर खाली, वॉर्डात या. 2017 च्या मुंबई महापालिका निवडणुकीत वॉर्ड 220 मध्ये भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना सारखीच मतं पडली. शेवटी चिठ्ठी टाकली, शहा जिंकले. त्या वॉर्डातलं कुणी त्या दिवशी घरी झोपलं असेल, तर त्याच्याऐवजी चिठ्ठीनं मत दिलं असं समजा.

लोकसभेला असं होणं जवळपास अशक्य. इंदूरला 2024 मध्ये विजयाचं अंतर 11,75,092 होतं! तिथं एक मत म्हणजे समुद्रात लोटाभर पाणी.

मग लोकसभेला जायचंच कशाला? माझं उत्तर जरा रुक्ष आहे.

आपली मतं लाखांच्या ढिगात मोजली जात नाहीत, बूथनिहाय मोजली जातात. एका बूथवर साधारण हजार-बाराशे नावं. कोणत्या बूथवर कुणाला किती, हा तक्ता 'फॉर्म 20' म्हणून जाहीर होतो. तुमचं मत गुप्त असतं, तुमच्या बूथचा आकडा गुप्त नसतो. पुढच्या वेळी पक्षाचा कार्यकर्ता तोच कागद घेऊन बसतो: या चाळीतून मतं निघतात, त्या टॉवरमधून माणूस खालीच उतरत नाही. नगरसेवकाकडे गटाराची तक्रार घेऊन जाल, तेव्हा तुमची सोसायटी कोणत्या रकान्यात आहे हे त्याला पाठ असतं. सतरा लाखांत तुम्ही दिसत नाही, पण बाराशेत तुमच्या घरातली चार मतं दिसतात.

मला ही व्यवस्था पसंत नाही, हेही सांगतो. विरोधात गेलेल्या वस्तीचा राग काढणं यामुळे सोपं होतं. म्हणूनच अनेक बूथांची मतं एकत्र करून मोजणारं 'टोटलायझर' यंत्र निवडणूक आयोगानं सुचवलं होतं. ते अजून आलेलं नाही.

तोवर त्या लोणावळ्याच्या मित्राला एक काम द्या. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवर जाऊन आपल्या बूथचा फॉर्म 20 शोध म्हणावं. आणि तुम्हीही शोधा. तुमच्या बूथवर पहिल्या दोघांत किती मतांचा फरक होता, तो आकडा खाली कमेंटमध्ये टाका.