भरती चढताना किनाऱ्यावर

उत्तरेकडचा उन्हाळा उतरायला लागला की किनाऱ्यावर पक्षी बघायला जायचंय ना, मग आधी भरती-ओहोटीच्या वेळा बघा, बाकी सगळं नंतर. पूर्ण ओहोटीला चिखल पार लांबपर्यंत उघडा पडतो आणि पक्षी म्हणजे नुसते ठिपके, पूर्ण भरतीला ते कुठेतरी उंचवट्यावर एका पायावर झोपलेले. खरी मजा भरती चढताना, पाणीच त्यांना हळूहळू आपल्याकडे सरकवत आणतं, आपण फक्त आधीच जाऊन गप बसायचं.

मित्रांबरोबर जा हो, एकट्याचे डोळे पुरत नाहीत. आमच्यात एकजण स्कोपला, म्हणजे तिकाटण्यावरच्या मोठ्या दुर्बिणीला, चिकटलेला असतो, एकजण सुरय (पाण्यावर सूर मारून मासे पकडणारे पक्षी) उडताना दिसतायत का म्हणून पाण्यावर नजर ठेवून, आणि वाद तर अखंड. मागे एका छोट्या तुतवारावरून (चिखलात चरणारा किनाऱ्यावरचा पक्षी) असंच चाललं होतं, तर मैत्रीण म्हणाली नाव राहू दे, आधी त्याची पिसं बघ. पाठीवरच्या एकेका पिसाला फिकट, रेखीव कड, सगळी कोरी करकरीत. म्हणजे याच उन्हाळ्यातलं पिल्लू! शेजारचा मोठा पक्षी विटलेला, पिसांच्या कडा झिजलेल्या. तेव्हापासून मी थवा बघताना आधी हेच बघतो.

कारण कित्येक जातींमध्ये स्थलांतराला मोठे पक्षी आधीच पुढे निघून जातात, पिल्लं मागून निघतात, वाट दाखवायला आईबाप नाहीत, दिशा उपजतच अंगात. २०२२ मध्ये ट्रान्समीटर लावलेलं जेमतेम पाच महिन्यांचं एक गॉडविट (लांब चोचीचा किनारी पक्षी) अलास्काहून निघालं ते थेट ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाला उतरलं, ११ दिवस, १३,५६० किलोमीटर, मधे कुठे टेकणं नाही की खाणं नाही. हे सगळं अंगात साठवलेल्या चरबीवर, आणि ती चरबी येते कुठून, तर अशाच चिखलातून.

म्हणून त्यांना खाताना नीट बघा. चिखल्या (आखूड चोचीचा किनारी पक्षी) डोळ्यांनी शोधतो, धावतो, थबकतो, टिपतो. गॉडविट लांब चोच पार मुळापर्यंत खुपसतो, टोकाला स्पर्श कळतो त्यामुळे किडा दिसायची गरजच नाही. सँडरलिंग, म्हणजे छोटे फिकट तुतवार, ओसरणाऱ्या लाटेच्या मागे पळतात, पुढची लाट आली की उलटे, तासभर बघितलं तरी कंटाळा येत नाही.

आणि फोटोसाठी अजून चार पावलं पुढे जायचा मोह होतो ना, तो मला खरंच खटकतो. थवा उडाला की खाणं थांबलं आणि साठवलेलं वर खर्च झालं, दिवसभरात असं किती वेळा होत असेल. त्यांनी खाणं थांबवून माना वर केल्या की समजायचं आपण फार जवळ आलोय, तिथेच थांबा, दोन पावलं मागे या. कुत्रा बरोबर असेल तर पट्टा सोडू नका, भरतीला तर अजिबातच नाही, तेव्हा त्यांना टेकायला दुसरी जागाच उरलेली नसते.