सार्वजनिक, समाज आणि सभासद

अध्यक्ष महोदय, कार्यकारिणीतील सहकारी आणि येथे जमलेल्या बंधुभगिनींनो,

आपल्या मंडळाच्या घटनेचा मराठी मसुदा करण्याचे काम गेले काही महिने आमच्या उपसमितीकडे होते. कलमे लिहिताना फारशी अडचण आली नाही. आम्ही अडलो ते ज्या शब्दांचा अर्थ आपल्याला ठाऊकच आहे असे वाटत होते त्यांच्यापाशी. एकाच पानावर आम्ही ‘सामूहिक कार्यक्रम’, ‘सामाजिक कार्यक्रम’ आणि ‘सार्वजनिक कार्यक्रम’ असे तिन्ही प्रयोग केले होते आणि तिन्ही ठिकाणी आमच्या मनात एकच गोष्ट होती.

वास्तविक या तीन शब्दांची कामे वेगळी आहेत. ‘सामूहिक’ हा शब्द एखादी गोष्ट अनेकांनी मिळून केली एवढेच सांगतो. बंद खोलीत दहा जणांनी केलेले पठण सामूहिक असते, पण ते सार्वजनिक नसते. उलट वाचनालयात कोपऱ्यात एकटाच वाचत बसलेला माणूस कोणत्याही समूहात नसतो, तरी तो सार्वजनिक जागेत असतो, कारण तेथे येऊन बसण्याचा हक्क सर्वांना सारखा असतो. ‘सामाजिक’ या शब्दाचा रोख माणसामाणसांतील संबंधांवर आणि त्यांतील न्याय-अन्यायावर असतो. ‘सार्वजनिक’ हे ‘सर्वजन’ या शब्दापासून बनलेले विशेषण आहे, आणि त्यातला ‘सर्व’ गळाला की मागे काही उरत नाही.

मराठीत या शब्दाला वजन आले ते एकोणिसाव्या शतकात. पर्वती देवस्थानाच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून 2 एप्रिल 1870 रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिच्या नियमातील एक तरतूद मला फार मोलाची वाटते: सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास जणांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणायचे. लोकांच्या वतीने बोलायचे तर आधी लोकांनी तसे लिहून दिले पाहिजे, हा तिचा आशय. सभेचे संस्थापक गणेश वासुदेव जोशी यांना लोक ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले. एका विशेषणाने माणसाच्या नावाची जागा घ्यावी, इतका तो शब्द त्या काळी जिवंत होता.

येथे ‘सभासद’ या शब्दाकडेही पाहायला हवे. शिवछत्रपतींची बखर लिहिणारे कृष्णाजी अनंत हेही सभासदच, परंतु ती सभा राजाची होती आणि तेथील आसन राजाच्या मर्जीने मिळत असे. 1870 साली तोच शब्द पन्नास माणसांच्या सह्यांवर उभा राहिला. शब्द बदलला नाही, पण त्याला आधार देणारी माणसे बदलली. भाषेच्या इतिहासातील असे बदल कोशात क्वचितच नोंदले जातात.

‘सार्वजनिक’ या शब्दाची खरी परीक्षा मात्र महाडला झाली. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने 4 ऑगस्ट 1923 रोजी संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि राखलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुल्या असाव्यात, असे त्यात म्हटले होते. महाडच्या नगरपालिकेनेही पुढे चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. दोन्ही ठराव कागदावर होते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, तेव्हा त्यांच्यावर हल्ले झाले, आणि त्यानंतर काही सवर्ण मंडळींनी न्यायालयात जाऊन हे तळे सार्वजनिक नाहीच, ते खासगी स्वरूपाचे आहे, असा दावा केला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला तो 1937 साली. एका विशेषणाचा अर्थ ठरायला दहा वर्षे लागली, आणि त्या विशेषणावर माणसांचा पाण्याचा हक्क अवलंबून होता. हा शब्द सैलपणे वापरू नये असे मी इतक्या आग्रहाने म्हणतो, ते या कारणाने.

‘समाज’ या शब्दाची आज होत असलेली अवस्था मला अस्वस्थ करते. 1873 साली जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला, तेव्हा तो शब्द जातीच्या भिंती ओलांडू पाहत होता. आता ‘तुमचा समाज कोणता?’ असा प्रश्न कानावर आला की विचारणाऱ्याला जात जाणून घ्यायची असते हे ऐकणाऱ्याला लगेच कळते. ‘समाजबांधव’, ‘समाजाचा मेळावा’, ‘समाजाचे वसतिगृह’ या प्रयोगांत तोच संकोच आहे. जातीसाठी भाषेत ‘जात’ हा शब्द आहे आणि तो स्पष्ट आहे. ‘समाज’ हा व्यापक शब्द तिच्यावर पांघरूण म्हणून वापरला की सर्वांना मिळून संबोधण्यासाठी आपल्यापाशी शब्दच उरत नाही.

‘सार्वजनिक’ आणि ‘सरकारी’ यांची गल्लतही नित्याची आहे. सरकार सार्वजनिक मालमत्तेची देखभाल करते, मालकी लोकांची असते. पण बोलताना आपण ‘सरकारी’ म्हणतो आणि मालकीबरोबर जबाबदारीही सोडून देतो.

हे सारे मनात असताना आमच्या हाती मंडळाचे एक जुने पत्रक आले. वर ठळक अक्षरांत ‘सार्वजनिक गणेशोत्सव’ असे होते आणि खाली, बारीक टायपात, ‘प्रवेश फक्त सभासदांसाठी’. वर्षानुवर्षे आपण ती दोन वाक्ये एकाच कागदावर छापत आलो आहोत. सभागृहाची क्षमता आणि खर्च या अडचणी खऱ्या आहेत, आणि केवळ सभासदांसाठी कार्यक्रम करण्यात गैर काहीच नाही. मात्र मग त्याला ‘मंडळाचा गणेशोत्सव’ म्हणावे. उपसमितीत यावर दोन बैठका झाल्या, मतभेदही झाले. अखेर मसुद्यात ‘सार्वजनिक’ हा शब्द ठेवावा आणि खालची ओळ काढावी, असे बहुमताने ठरले. ते कलम आज दुपारच्या सर्वसाधारण सभेत आपल्यापुढे मतासाठी येणार आहे.