बीअर, मोहाची दारू आणि जठरातले आम्ल

श्रोतेहो, नमस्कार. मोहाची दारू पोट जाळते आणि बीअर मात्र हलकी, तिचा पोटाला काही त्रास नाही, असे आपल्या विदर्भातल्या गावागावांत सर्रास बोलले जाते. जठरातल्या आम्लापुरते पाहिले, तर गोष्ट नेमकी उलटी आहे.

जठराच्या खालच्या टोकाशी, जिथून अन्न लहान आतड्याकडे सरकते, तिथल्या अस्तरात ‘जी’ पेशी असतात. पोटात अन्न पडले की या पेशी गॅस्ट्रिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात, आणि ते रक्तावाटे फिरून पुन्हा जठरातच येऊन आम्ल पाझरवणाऱ्या पेशींना कामाला लावते. एडकिन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०५ साली या संप्रेरकाची कल्पना मांडली, तेव्हा पुष्कळांनी ती बरीच वर्षे मानली नव्हती.

बीअर आणि वाइन ही नुसती आंबवलेली पेये गॅस्ट्रिनही वाढवतात आणि आम्लही. बीअरने तर आम्लाचा पाझर जठराच्या कमाल क्षमतेच्या जवळ जातो. व्हिस्की किंवा जिनने तसे होत नाही. म्हणजे दोष निव्वळ अल्कोहोलचा नव्हे, कारण ते अगदी सौम्य असताना आम्ल थोडेसे वाढवते आणि तीव्र झाले की वाढवत नाही, उलट कधी कधी घटवते. जर्मन संशोधकांनी १९९९ साली आंबवलेल्या पेयांतली मॅलेइक आणि सक्सिनिक ही दोन आम्ले यामागे असल्याचे दाखवले. ऊर्ध्वपातनात ती मागेच राहतात. हातभट्टीवर मोहफुलांचा सडवा तापतो, वाफ नळीतून जाऊन थंड होते आणि थेंब थेंब दारू जमते. अशी न उडणारी द्रव्ये सडव्यातच उरायला हवीत.

मग मोहाची दारू निर्धोक म्हणायची का? मुळीच नाही. तीव्र दारू आम्ल न वाढवताही जठराच्या अस्तरावरचा श्लेष्माचा थर भेदते, खालच्या पेशींना इजा करते, आणि जे आम्ल पोटात आधीपासूनच असते ते उघड्या पडलेल्या जागी झोंबू लागते. शिवाय अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेला स्नायू दारूने सैल पडतो आणि आंबट पाणी छातीपर्यंत चढते. चखण्याला झणझणीत तर्री असली, तर काय होते ते पिणाऱ्याला सांगायला नको. वर्षानुवर्षे पिणाऱ्यांत अस्तर झिजून आम्ल कमीही होऊ शकते. तेव्हा जळजळ थांबली म्हणजे पोट सुधारले, असे धरून चालू नये.

दिवसभर कापूस वेचून किंवा धानाचे ओझे वाहून अंग ठणकते, म्हणून दुकानातून अंगदुखीची गोळी घेऊन त्यावर दारू पिणारे पुष्कळ आहेत. अशा बऱ्याच गोळ्या जठराचे संरक्षण करणारी द्रव्ये घटवतात, त्यामुळे दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. डांबरासारखी काळी, चिकट शौच किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, तर सोडा पिऊन सकाळची वाट पाहू नये. रात्र असली तरी रुग्णाला १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने रुग्णालयात न्यावे, आणि कोणती गोळी घेतली व किती दारू प्यायली हे डॉक्टरांना न लपवता सांगावे.